वीस गुणांचा शेरा आणि अभ्यंकरांचे बीजगणित

दहावीला गणित आणि विज्ञानात 35 ऐवजी 20 गुण पडले तरी अकरावीत जाता येईल, या बातमीने 2024 च्या ऑक्टोबरमध्ये बराच धुरळा उडवला. ‘दर्जा घसरणार’ ही ओरड नेहमीची. मला खुपते ती राज्य अभ्यासक्रम आराखड्यातली पुढची अट: अशा मुलाच्या गुणपत्रिकेवर शेरा मारला जाईल, की याला पुढे गणित-विज्ञान घेता येणार नाही. नापासाचा शिक्का टळतो हे चांगलेच, पण पंधरा-सोळाव्या वर्षी एक वाट बंदही होते. ती कोणाची? डहाणू तालुक्यातल्या कैनाडसारख्या गावात घरी वारली बोलणारे मूल शाळेत प्रमाण मराठीतून बीजगणित शिकते. घरात ते पुस्तक उलगडून सांगणारे कोणी असेलच असे नाही. शेरा पहिल्यांदा तिथेच पोचेल.

ही वाट बंद झाली की काय हातचे जाते, ते गणितज्ञ श्रीराम शंकर अभ्यंकर यांच्याकडे पाहून कळते. 2 नोव्हेंबर 2012 रोजी ते गेले. 1930 साली उज्जैनला जन्म, मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सची पदवी, हार्वर्डला ऑस्कर झारिस्कींकडे पीएचडी, मग अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात अखेरपर्यंत अध्यापन आणि संशोधन. त्यांचा प्रांत बैजिक भूमिती आणि तिच्या पायाशी असलेले क्रमनिरपेक्ष बीजगणित, म्हणजे गुणाकाराचा क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही अशा राशींचा अभ्यास. नाव भारदस्त आहे, पण त्याचे बी नववीतल्या ‘बहुपदी’ या प्रकरणात आहे.

कागद घ्या. y² = x³ चा आलेख शून्यापाशी अणकुचीदार होतो. अशा बिंदूपाशी नेहमीच्या रीती अडखळतात. आता y च्या जागी tx लिहा. t²x² = x³, आणि x² ने भागले की उरते t² = x. हा गुळगुळीत अन्वस्त. टोक गेले! असे टोक घालवणे वक्रांसाठी सोपे, पृष्ठांसाठी फार अवघड. नेहमीच्या संख्यांपुरते पृष्ठांचे काम झारिस्कींच्या पिढीने केले होते. अडले होते ते वेगळ्या अंकगणितात, जिथे 1 + 1 = 0 होते, किंवा पाच वेळा 1 मिळवले की शून्य येते.

तिथे काय बिघडते? दहावीची पूर्ण वर्ग पद्धत आठवा. x² + bx मध्ये आपण b च्या निमपटीचा वर्ग मिळवतो. श्रीधराचार्यांच्या नावाने ओळखली जाणारी ही युक्ती अभ्यंकरांना फार प्रिय होती. पण 2 हाच शून्य असेल तर निमपट काढणार कशी? जुने हत्यार हातातून गळते ते नेमके इथे. पंचविशीतल्या अभ्यंकरांनी 1955 चा प्रबंध आणि पाठोपाठच्या लेखांतून अशा अंकगणितातल्या पृष्ठांचा प्रश्न सोडवला. 1966 मध्ये, 2, 3 आणि 5 वगळता, तीन मितींचाही. नेहमीच्या संख्यांसाठी सर्व मितींत तो सोडवणारे हिरोनाकाही झारिस्कींचेच शिष्य, त्यांना 1970 चे फील्ड्स पदक मिळाले. अभ्यंकरांनी ज्या अंकगणितात हात घातला, तिथे चार आणि त्यापुढच्या मिती आजही खुल्या आहेत. मला तरी त्यांचे धाडस मोठे वाटते.

1976 साली त्यांनी एका दीर्घ लेखात बीजगणिताचे शाळेचे, कॉलेजचे आणि विद्यापीठाचे असे तीन थर मांडले आणि कौल दिला शाळेच्या बीजगणिताला. बहुपदी, अवयव, प्रत्यक्ष आकडेमोड यांतच खरी ताकद आहे, असा त्यांचा आग्रह होता. या लेखाला 1978 चे शॉव्हने पारितोषिक मिळाले. म्हणजे ज्या गोष्टीसाठी आपण 20 गुण पुरे म्हणत पुढचे दार लावतो आहोत, तीच या माणसाने जन्मभर सर्वांत वर ठेवली.

डहाणू तालुक्यातच कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणशाळा चालवल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे जाईल, हा त्यांचा हिशेब. दहावीच्या गणितालाही तो लावता येतो. अभ्यंकरांनी 1976 मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान काढले, तिथे शाळकरी मुलेही गणितासाठी जातात. तसे एक केंद्र डहाणूला काढा, तलासरीपर्यंतच्या आश्रमशाळांतली नववी-दहावीची मुले तिथे येतील अशी एसटीची सोय करा, बहुपदी शिकवायला कायम नेमणुकीचा शिक्षक द्या. चार-पाच तुकड्या बाहेर पडू द्यात. तोवर हा शेरा कोणाच्याही गुणपत्रिकेवर छापू नये.