तिथे जमीन वर आली, इथे समुद्र आत आला

सई, चपला तिथे नको, वर सुरूच्या झाडांपाशी ठेव. आज पौर्णिमा आहे. आपल्याकडे पौर्णिमेला संध्याकाळी सुकती असते, पाणी लांब गेलेलं दिसतं, म्हणून गणपतीपुळ्याला आलेली पाहुणेमंडळी खुशाल खाली पसरतात. अंधार पडता पडता भरती लागते आणि उधाणाचं पाणी मग विचारत बसत नाही. आणि ओमकार, गुडघ्यापुढे जायचं नाही. इथली वाळू पायाखालून सरकते, ओढ बाहेरची असते. चांगले पोहणारे गेलेत इथे.

आता खाली बघा. ओल्या वाळूवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसते ना? हे एका नखाएवढ्या कुर्लीचं काम. पाणी हटलं की ती बिळातून वर येते, वाळू तोंडाशी नेते, तिच्यातलं खाण्याजोगं काढून घेते आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला ठेवते. पुन्हा दुसरी. बिळाभोवती कशा ओळी गेल्यात बघा. पाच-सहा तासांत भरती येऊन सगळं पुसून टाकणार आणि पुढच्या सुकतीला ही पुन्हा पहिल्यापासून.

तुमच्या काकाकडे ओउलूला गेलो होतो तेव्हा मी पहिल्यांदा हीच कुर्ली शोधली. ओउलू म्हणजे फिनलंडच्या उत्तरेला समुद्राकाठचं शहर. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला 17 अंशांवर, ते 65 वर. जूनमध्ये मध्यरात्री बाहेर पेपर वाचता येतो आणि डिसेंबरात दिवस जेमतेम साडेतीन तासांचा. त्या अंधारात, बर्फातही माणसं सायकलने कामाला जातात.  

नाल्लिकारी नावाची त्यांची पुळण आहे. छान बारीक वाळू, मागे पाइनची झाडं. पण मला चुकल्या-चुकल्यासारखं वाटत होतं. खारा वास नाही. कुर्लीचं बीळ नाही, तिसऱ्या नाहीत, कालवं नाहीत. सकाळी पाणी जिथे, दुपारीही साधारण तिथेच. शेवटी बोट बुडवून जिभेला लावलं तर जवळजवळ गोडं पाणी!

“समुद्राचं पाणी गोडं?” ओमकार, मलाही पटेना. पण हिशेब सोपा आहे. आपल्या समुद्राच्या एका लिटरात साधारण 35 ग्रॅम मीठ. ओउलूसमोरच्या बोथनियाच्या उपसागरात तीनेक ग्रॅम. बाल्टिक समुद्राला महासागराकडे जायला वाट आहे ती डेन्मार्कजवळच्या चिंचोळ्या सामुद्रधुन्यांतून. मीठ तिथून येणार, आणि ओउलू पडलं अगदी दुसऱ्या टोकाला. त्यात भोवतालच्या नद्या सतत गोडं पाणी आणून ओततात आणि थंडीमुळे वाफ फारशी होत नाही. भरती-ओहोटीचंही तसंच. चंद्र त्यांच्याकडेही ओढतोच की, पण महासागराची भरती त्या चिंचोळ्या दारातून आत शिरत नाही आणि आतलं पाणी स्वतःची मोठी भरती उठवायला पुरत नाही. तिथे पाणी वर-खाली होतं ते वाऱ्याने आणि हवेच्या दाबाने. आणि मीठ एवढं कमी म्हणून समुद्रात गोड्या पाण्यातले मासे नांदतात आणि हिवाळ्यात पाणी गोठतं. इतकं गोठतं की समोरच्या हाइलुओतो बेटावर जायला, एरवीच्या फेरीबोटीच्या वाटेशेजारूनच, बर्फावरून मोटारींचा रस्ता आखायचे. जयगड ते तवसाळ आपण गाडी फेरीबोटीवर चढवून जातो ना, तिथे गाडी थेट पाण्यावरूनच हाकायची, असं समजा.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. ते हाइलुओतो बेट दोनेक हजार वर्षांपूर्वी नव्हतंच. तिथे समुद्र होता. मग उथळ पाण्यातून वाळूच्या पाठी वर आल्या, एकेक बेट झालं, बेटं एकमेकांना चिकटली. कुणी भर घातली नाही. तळच वर येतोय. आजही वर्षाला साधारण 8 मिलिमीटर.

हसू नका. 8 मिलिमीटर म्हणजे शंभर वर्षांत 80 सेंटिमीटर. ओउलू शहर वसवलं 1605 मध्ये, तेव्हापासून जमीन तीन मीटरांहून अधिक उचलली गेली. आणि तिथला समुद्रतळ परातीसारखा सपाट, त्यामुळे थोडी जमीन वर आली की पाणी केवढं तरी लांब जातं. आजोबाने होडी बांधली तिथे नातू गुरं चारतो.

हे पहिल्यांदा कुणी मोजलं, तर तुमच्या तापमापकावर ज्याचं नाव आहे त्या सेल्सिअसने. स्वीडनचा माणूस, म्हणजे याच पाण्यापलीकडच्या देशाचा. तिथल्या किनाऱ्याला सील मासे पाण्यालगतच्या खडकांवर ऊन खात पडतात. मासे कसले, सस्तन प्राणीच ते. शिकारीसाठी असे खडक मोलाचे, त्यांच्यावर माणसांची मालकी, कागदोपत्री नोंद. पुढे खडक पाण्याबाहेर इतका उंच येई की सीलला वर चढता येत नसे आणि खडकाची किंमत जाई. सेल्सिअसने ही जुनी कागदपत्रं कामाला लावली आणि 1731 मध्ये एका खडकावर पाण्याच्या पातळीशी खूण कोरून ठेवली, पुढच्यांनी मोजावं म्हणून. त्याचा अंदाज मात्र चुकला. त्याला वाटलं समुद्र आटतोय. पण मला तो माणूस आवडतो. आपल्या हयातीत उत्तर मिळणार नाही हे ठाऊक असून दगडावर रेघ मारायची, हे सगळ्यांना जमत नाही.

पाणी जागच्या जागी होतं, जमीन उठत होती. का? वीस हजार वर्षांपूर्वी त्या मुलखावर अडीच-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता. कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई रचली तर जवळपास तेवढा. पृथ्वीचं कवच खालच्या उष्ण खडकावर टेकलेलं असतं आणि तो खडक अतिशय संथपणे सरकू शकतो. बर्फाच्या ओझ्याने कवच शेकडो मीटर खाली दबलं, खालचा खडक बाजूला सरला. साधारण दहा हजार वर्षांपूर्वी तिथला बर्फ वितळला, ओझं उतरलं आणि बाजूला गेलेला खडक परत यायला लागला. कापसाच्या गादीवरून आपण उठलो की खळगा हळूहळू भरतो ना, तसं. फक्त ही गादी अजून भरतेच आहे. स्वीडनच्या किनाऱ्यालगत 286 मीटर उंचीवर डोंगरात जुन्या किनाऱ्याच्या खुणा सापडतात. हल्ली जगभरचा समुद्र वर्षाला तीन-चार मिलिमीटर चढतोय, तरी ओउलूत अजून जमिनीचीच सरशी आहे.

“मग आपला देवाचा डोंगरही वर येतोय का?” नाही गं. आपण ज्याला प्रदक्षिणा घालतो त्या डोंगरावर असा बर्फ कधी नव्हताच, तर ओझं उतरणार कुठून? पण त्या बर्फाशी आपलाही संबंध आहे. युरोप, अमेरिका मिळून एवढं पाणी बर्फात अडकलं होतं की सगळ्या जगाचा समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होता. आत्ता समोर ज्या होड्या दिसतात, तिथे तेव्हा कोरडी जमीन होती. किनारा कितीतरी मैल पश्चिमेला. शास्त्री नदी जयगडपाशी न थांबता तशीच पुढे वाहायची आणि तिने आपली दरी खोल कोरली होती. बर्फ वितळला, समुद्र चढला आणि त्या दरीत शिरला. तीच जयगडची खाडी. वरून डोंगर थेट पाण्यात उतरल्यासारखे दिसतात, कारण त्यांचे पाय बुडालेत. खोल पाणी आयतं मिळालं म्हणून बंदर झालं, वर राखणीला किल्ला आला. तवसाळला जाताना आपण बुडालेली दरीच ओलांडतो.

बर्फ वितळून ओउलूकडच्यांना नवीन जमीन मिळाली आणि आपल्याला खाड्या.

“ती नवीन जमीन कुणाची?” शाब्बास ओमकार, कोकणातलाच आहेस. काठावर ज्याचं घर त्याची, असं वाटेल. तसं नाही. त्यांच्या कायद्यात पाण्याखालच्या तळालाही मालक असतो, बहुधा गावच्या भागीदारांची मिळून सामाईक मालकी. तळ वर आला की ती जमीन त्या भागीदारांची. घर पूर्वी पाण्याला लागून, आता समोर दुसऱ्यांची पट्टी. स्वतःच्या धक्क्यापर्यंत जायचं तर ती पट्टी विकत घ्यायची. त्यासाठी मोजणीदार येतो, किंमत ठरते, नोंद होते आणि विषय संपतो. आपल्याकडे वर्षाला 8 मिलिमीटर सामाईक जमीन वर आली असती, तर रत्नागिरीच्या कोर्टाला आणखी दोन मजले चढवावे लागले असते!