उलटं वाचणाऱ्या बायका

संपादकांचा फोन आला तेव्हा मी परतूरच्या मोंढ्यात कापसाच्या भावावरून चाललेली हुज्जत ऐकत उभा होतो. "नाताळच्या अंकासाठी चर्चमधल्या बायकांच्या मिशन मंडळांवर लिहा. तुमच्याकडे जालन्याला जुनं मिशन आहे ना?"

आहे खरं. परतूरहून मनमाडकडच्या गाडीत बसलं की तासाभरात जालना येतं. स्कॉटिश मिशनच्या रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवलं. त्याच रुळांनी पुढे मनमाडला गाडी बदलली की अहमदनगर. १८२७ साली मुंबईत उतरलेल्या सिंथिया फरार या अविवाहित अमेरिकन बाईंनी पुढे तिथे मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांनी त्या पाहिल्या आणि सावित्रीबाई शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला तिथे गेल्या. फरारबाई १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. एवढी टिपणं काढली आणि मी गावातल्या मावशींकडे गेलो. मावशी मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स.

"मंडळाचा कसला आलाय इतिहास?" त्या म्हणाल्या. "प्रार्थना, मग चहा, मग कोणाच्या सुनेला बरं नाही त्याची चौकशी. थांब, तुला एक दाखवते." कपाटातून त्यांनी जुन्या साडीत बांधलेलं जाडजूड पुस्तक काढलं. "पंडिता रमाबाईंचं बायबल. भाषांतर बाईचं आणि छापलंयही बायकांनीच."

जालना तिथेच राहिलं. माझ्या वडिलांनी तीस वर्षं छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले. मला पुस्तक दिलं की मी आधी पान उलटून मागच्या बाजूने बोट फिरवतो. खिळ्यांनी छापलेल्या कागदाला पाठीमागे बारीक उठाव येतो. इथे तो बोटाला लागत होता.

आता हे बायबल छापणाऱ्या बायकांच्या छापखान्यापर्यंत पोचायचं तर बोस्टनवरून जावं लागतं. १८६९ मध्ये तिथे मेथडिस्ट बायकांनी परदेशी मिशनसाठी आपली स्वतंत्र संस्था काढली. चर्चचा पैसा पुरुषांच्या ताब्यात, म्हणून त्यांनी वर्गणी ठरवली आठवड्याला दोन सेंट आणि एक प्रार्थना. दोन सेंट म्हणजे नवऱ्याला हिशेब द्यावा लागणार नाही इतकी रक्कम, असं मला आपलं वाटतं. या चिल्लरीवर पुढच्याच वर्षी इझाबेला थोबर्न आणि डॉक्टर क्लारा स्वेन मुंबई बंदरात उतरल्या. १८८७ मध्ये त्याच संस्थेकडून मिनी एब्रम्स आल्या. मुंबईत मुलींची शाळा चालवून त्या १८९८ मध्ये केडगावला रमाबाईंकडे गेल्या.

केडगाव म्हणजे दौंडजवळचं रेल्वे स्टेशन. मुंबईच्या चौपाटीवर रमाबाईंनी १८८९ मध्ये सुरू केलेली विधवांची शाळा, शारदासदन, पुण्यात गेली, मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून केसरीने झोडपलं, पालकांनी मुली काढून नेल्या, हे सगळं आधीच घडून गेलेलं. मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले. रमाबाईंनी मध्य प्रांत, गुजरात इथून उपाशी मुली आणि विधवा गोळा करून आणल्या. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये दोन हजारांच्या आसपास बायका झाल्या. विणकाम, तेलघाणा, गोठा, धोबीखाना आणि छापखाना, सगळीकडे कामाला बायकाच. रमाबाईंची लेक मनोरमा ब्रेल शिकून आली आणि आंधळ्या मुलींना शिकवू लागली.

भाकरीच्या आधाराने आलेल्या पोरीची श्रद्धा कितपत तिची स्वतःची, हा प्रश्न मला टोचतो. पण तिला अक्षर दिलं, त्यावर कोण काय हरकत घेणार?

१९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी रोज प्रार्थनेला कोण बसेल असं विचारलं. सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या, आणि जूनअखेरीस जे उसळलं त्यात मुली रात्र रात्र रडत, गात, मोठमोठ्याने प्रार्थना करत राहिल्या. त्यानंतर त्यांच्या टोळ्या पाळीपाळीने आसपासच्या खेड्यांत जाऊ लागल्या. एब्रम्सबाईंनी हा सगळा अनुभव लिहिला आणि १९०६ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यात पुस्तक छापलं. त्याची एक प्रत त्यांनी चिलीतल्या वालपाराइसो शहरी, मे हूवर या जुन्या वर्गमैत्रिणीला धाडली. मेचे पती विलिस हूवर तिथले मेथडिस्ट पाळक. ते वाचून त्यांच्या मंडळीत प्रार्थना पेटली. १९०९ मध्ये चिलीची पेंटेकोस्टल चळवळ उभी राहिली ती तिथून. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला एक धर्मपंथ उठतो आणि त्याचा एक धागा दौंडजवळच्या छापखान्यात निघतो, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी नकाशा काढून बसलो होतो. एब्रम्सबाईंनी पुढे अविवाहित बायकांचंच वेगळं मिशन काढून उत्तर भारताची वाट धरली. १९१२ मध्ये त्या तिकडेच वारल्या.

छापखान्याचं खरं काम मात्र मावशींच्या मांडीवर होतं. चालू मराठी बायबल खेड्यातल्या बाईला कळत नाही, त्यात संस्कृत फार, अशी रमाबाईंची तक्रार. तक्रार करणारी कोण, तर अनंतशास्त्री डोंगऱ्यांची मुलगी. भागवत मुखोद्गत असलेली, कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती म्हटलेली. तिने हिब्रू आणि ग्रीक शिकून, बापाने दिलेली भाषा चाळणीत धरून एकेक जड शब्द बाहेर काढायचा! कनेक्टिकटच्या ज्युलिया स्मिथने १८७६ मध्ये एकटीने केलेलं इंग्रजी बायबल छापून आलं होतं. पण तिच्या अंगणात दुष्काळाच्या पोरी नव्हत्या.

खिळे जुळवणं म्हणजे काय, ते घरी पाहिलंय. डाव्या हातात खिळे ओळीत लावायची स्टिक, उजवा हात खान्यांवर. खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं उलटं. इंग्रजीला शंभर-सव्वाशे खाने पुरतात. देवनागरीला काना, मात्रा, वेलांटी, रफार, अर्धी अक्षरं आणि जोडाक्षरं धरून शेकडो खाने लागतात, आणि नजर न टाकता हात तिथे जावा लागतो. वडील म्हणत, सुलट वाचायला शाळा शिकवते, उलटं वाचायला पोट शिकवतं. मुक्तीतल्या मुली अक्षर गिरवायला बसल्या तेव्हा पोटाचं जेमतेम भागलं होतं, आणि थोड्याच वर्षांत त्यांच्या हाताला खिळ्यांचे खाने आले.

पुन्हा एवढं मोठं पुस्तक. सगळी पानं जुळवून उभी ठेवायची तर शिसं पुरणार नाही. काही पानं जुळवा, प्रूफ काढा, रमाबाईंकडे पाठवा, दुरुस्त्या करा, छापा, आणि मग तेच खिळे सुटे करून आपापल्या खान्यांत परत टाका. एक खिळा चुकीच्या खान्यात पडला की पुढच्या पानात 'देव'चा 'दव' होतो. हे वर्षानुवर्षं चाललं. बाईंचे कान गेले होते, म्हणजे तोंडी विचारायची सोय नाही. कागद जायचा, कागद यायचा. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. कारभार तिच्यावर सोपवायचा होता. बाई प्रूफं तपासत राहिल्या. शेवटच्या दुखण्यात त्यांनी देवाकडे दहा दिवस मागून घेतले, असं सांगतात. काम हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. म्हणजे मुलींनी शेवटचा छापा काढला तो बाईंच्या माघारी.

आणि एवढं करून चर्चमध्ये चाललं ते बायबल सोसायटीचंच भाषांतर. मावशीही रविवारी तेच नेतात. बोस्टनच्या दोन सेंटवाल्या संस्थेचंही तसंच झालं. १९४० च्या सुमारास चर्चच्या मोठ्या फेररचनेत ती नव्या महिला संघात विरून गेली. पुरुषांच्या हातात न दिलेल्या वेगळ्या पिशवीचं चर्चवाल्यांना जितकं कौतुक, तितकीच अडचण, असा माझा कयास आहे.

मुखपृष्ठावर जुळारणींची नावं शोधायचा मोह झाला. पण पुस्तकावर जुळाऱ्याचं नाव घालायची रीत नाही. वडिलांनी शेकडो लग्नपत्रिका जुळवल्या, माझीसुद्धा, त्यांच्या हाताची खूण कुठेच नाही. मी पुन्हा पान उलटून पाठीमागून बोट फिरवू लागलो.

"मघापासून मागून काय चाचपतोयस?" मावशी म्हणाल्या. "चष्मा घाल आणि मोठ्याने वाच. मला आता दिसत नाही."