रिपरची ती शाल

‘जॅक द रिपर अखेर सापडला, डीएनएने सिद्ध!’ हा फॉरवर्ड काल भाच्याने पाठवला. जुन्या खुनांच्या तपासाचा मला नाद, म्हणून घरचे असलं सगळं माझ्याकडेच ढकलतात.

मुद्दा एका शालीचा. ती म्हणे लंडनमध्ये 30 सप्टेंबर 1888 ला रिपर या कधीच न सापडलेल्या खुन्याने मारलेल्या कॅथरीन एडोजच्या प्रेताजवळची. पण कॅथरीनच्या अंगावरच्या, खिशातल्या वस्तूंची पोलिसांनी यादी केली होती. गहाणाच्या पावत्या ठेवलेला मोहरीचा डबा, एकच लाल हातमोजा, इतकं बारीकसारीक त्यात आहे. ही शाल मात्र नाही!

शिवाय शालीवरचा तपासला तो मायटोकाँड्रियल डीएनए. तो आईकडून येतो, असंख्य लोकांत सारखा असू शकतो. त्यावरून संशयित वगळता येतो, नेमका माणूस धरता येत नाही.

वर्तमानपत्रं तेव्हाही अशीच. ‘जॅक द रिपर’ ही सही सेंट्रल न्यूज एजन्सीला आलेल्या पत्रावरची. ते कुणा पत्रकाराचंच काम, असं पुढे काही पोलीस अधिकारीच म्हणाले. त्याआधी खुनी म्हणजे ‘लेदर एप्रन’ नावाचा कुणी, अशी आवई उठली, जॉन पायझर हा बूट शिवणारा पकडला गेला. खुनांच्या वेळी तो भलतीकडेच होता, म्हणून सुटला.

कुठल्या संशयिताबद्दल विचारायचं असेल तर कॉमेंटमध्ये विचारा. खुनांमागे राजघराण्याचं कारस्थान होतं, हे तेवढं नको, त्याला काडीचा पुरावा नाही.