फ्रिजवरचा गुलाबी कागद

चाळीस-पन्नास वर्षं एका छपराखाली काढली की नवऱ्याला बायकोच्या आणि लेकीला आईच्या मनातलं न सांगता कळतं, असं आपण धरून चालतो. हे तपासणारे 16 अभ्यास अमेरिकी संशोधकांनी 2006 साली एकत्र मांडून पाहिले. रुग्णाला विचारायचं, अमुक अवस्था झाली तर व्हेंटिलेटर हवा का? जवळच्या माणसाला विचारायचं, ते काय म्हणतील? उत्तरं जुळली 68 टक्के वेळा. म्हणजे तीनातला जवळजवळ एक अंदाज चुकलेला! रुग्णाने स्वतः निवडलेला माणूसही सरस ठरला नाही. ज्यांच्यात या विषयावर आधी बोलणं झालं होतं, त्यांचीही तीच गत.

घराबाहेर पडू न शकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत हा अंदाज आणखी अवघड होतो, कारण त्यांच्या आजारांची चालच फसवी असते. कर्करोगात शेवटची उतरण बहुधा ओळखू येते. निकामी होत चाललेलं हृदय किंवा फुफ्फुसं मात्र करवतीच्या दात्यांसारखा आलेख काढतात. धाप लागते, दवाखाना होतो, माणूस सावरून घरी येतो, पण आधीपेक्षा थोडा खालीच. प्रत्येक खड्डा शेवटचा वाटतो आणि नसतो. मग ‘बोलू नंतर’ म्हणायला दर वेळी सबळ कारण मिळतं. स्मृतिभ्रंशात तर शरीर वर्षानुवर्षं चालतं, आणि विचारायचं ते माणूस आधीच हरवलेलं असतं.

नुसत्या बोलण्याने भागत नसेल, तर कशाने भागतं? अमेरिकेतल्या ला क्रॉस या गावाने यासाठी एक पद्धत बसवली. प्रशिक्षित माणूस रुग्ण आणि घरच्यांना एकत्र बसवून विचारतो: कसं जगणं तुम्हाला जगण्यासारखं वाटतं? कशाची भीती वाटते? एखादी आजी सांगेल, नातवंडं ओळखू येतात तोवर सगळे उपाय करा. दुसरी म्हणेल, नाकातल्या नळीने भरवायची वेळ आली की थांबा. या पद्धतीवर बेतलेला प्रयोग मेलबर्नच्या एका रुग्णालयात झाला, 80 आणि त्यावरच्या वयाच्या 309 रुग्णांवर. सहा महिन्यांत 56 जण वारले. त्यांतल्या ज्यांच्याशी असं बोलणं झालं होतं, त्यांच्यातल्या 86 टक्क्यांची इच्छा माहीत होती आणि पाळलीही गेली. उरलेल्यांत 30 टक्क्यांची. बोलणं झालेल्यांच्या मागे राहिलेल्या नातेवाइकांची चिंता आणि नैराश्यही कमी आढळलं. एकाही नव्या औषधाशिवाय!

ऑरेगन राज्याला 1991 पासून आणखी एक व्यावहारिक प्रश्न छळत होता. रात्री दोनला ॲम्ब्युलन्स आली तर इच्छा लिहून ठेवलेली कपाटातली फाइल कोण शोधणार? तिथे कोणते उपचार करायचे याचा डॉक्टरांच्या सहीचा आदेश भडक गुलाबी कागदावर छापतात, फ्रिजवर लावतात, आणि ॲम्ब्युलन्सवाले तो पाळतात.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली, पण प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या सहीची अट घातली. ऑक्सिजनवरच्या आजोबांनी कोर्टाची पायरी चढायची कशी? 24 जानेवारी 2023 रोजी ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. गोव्यातलं असं पहिलं इच्छापत्र 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचंच नोंदवलं. तरी ही सगळी रचना रुग्णालय डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. उपचार थांबवण्याआधी डॉक्टरांची दोन मंडळं बसतात. रात्री दोनच्या ॲम्ब्युलन्सचं उत्तर तिच्यात नाही. तिथे घरच्यांनीच ठामपणे बोलायचं.

म्हणून मला इच्छापत्रातली सर्वांत मोलाची ओळ वाटते ती आपल्या वतीने बोलणाऱ्या माणसाच्या नावाची. सगळ्यांत लाडकं मूल तिथे घालायचा मोह होतो. त्यापेक्षा ज्याचा फोन लागतो, डॉक्टरांसमोर ज्याची जीभ अडखळत नाही आणि स्वतःला न पटलेलं आईचं म्हणणंही जे जसंच्या तसं सांगेल, त्या माणसाचं नाव लिहावं, मग ते धाकटं मूल असो, सून असो की शेजारी राहणारी भाची.