विमानप्रवासातील शस्त्रवाहतूक

विमानप्रवासातील शस्त्रवाहतूक म्हणजे परवानाधारक प्रवाशाने आपले अग्निशस्त्र आणि काडतुसे प्रवासी विमानाच्या मालकक्षातून, चेक-इन सामान म्हणून नेणे होय. भारतात अशी वाहतूक करणाऱ्यांत क्रीडा नेमबाजांचा मोठा वाटा आहे. प्रवासी केबिनमध्ये शस्त्र नेण्यास सर्वसामान्य प्रवाशाला मनाई आहे. त्यामुळे विमानतळाच्या काउंटरवर पेटी सुपूर्द केल्यापासून ती गंतव्य विमानतळावर परत मिळेपर्यंत शस्त्र परवानाधारकाच्या हाती नसते. परवान्याची जबाबदारी मात्र त्याच्याच नावावर राहते. घोषणा, तपासणी, कुलूप, टॅग आणि नोंदी ही सारी व्यवस्था या मधल्या काही तासांसाठी उभी केलेली आहे.

नाशिक आणि नेमबाजी

नाशिक शहराचा नेमबाजीशी जुना संबंध आहे. भोसला मिलिटरी स्कूल, देवळालीची तोफखाना छावणी आणि त्र्यंबक रस्त्यावरील महाराष्ट्र पोलीस अकादमी यांमुळे शस्त्रप्रशिक्षण या शहराला नवे नाही. निवृत्त पोलीस अधिकारी आणि क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम (निधन २०१७) यांचे वास्तव्य नाशिकमध्ये होते. देशातील अनेक नेमबाजांनी त्यांचे मार्गदर्शन घेतले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवणारे स्वप्निल कुसळे हे मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातील. नेमबाजीचे सुरुवातीचे शिक्षण त्यांनी नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घेतले.

राष्ट्रीय स्तरावरील स्पर्धा दिल्लीतील डॉ. कर्णी सिंग शूटिंग रेंज, भोपाळ किंवा तिरुअनंतपुरम अशा ठिकाणी होत असल्याने खेळाडूंना रायफलींसह लांबचा प्रवास करावा लागतो. नाशिकचा विमानतळ शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर ओझर येथे असून तो हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेडच्या मालकीचा आहे. तेथील प्रवासी टर्मिनल २०१४ मध्ये उभे राहिले. येथून थेट सेवा मोजक्याच शहरांना आहे. म्हणून पुढील प्रवासासाठी विमान बदलावे लागते किंवा रस्त्याने मुंबई गाठावी लागते. विमान बदलताना सामानही एका विमानातून दुसऱ्यात जाते आणि चेक-इन सामान चुकण्याची शक्यता याच टप्प्यावर अधिक असते.

कायदेशीर चौकट

भारतात शस्त्र बाळगणे शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनी नियंत्रित होते. परवाना देणारा अधिकारी नाशिक शहरात पोलीस आयुक्त, तर ग्रामीण भागात जिल्हाधिकारी असतो. प्रत्येक परवान्यावर त्याचे वैधता क्षेत्र नमूद असते. केवळ महाराष्ट्रापुरता वैध परवाना असलेल्या व्यक्तीने दिल्लीला शस्त्र नेले, तर विमान कंपनीने पेटी स्वीकारली असली तरी दिल्लीत उतरल्यावर तो परवान्याच्या अटींचा भंग ठरतो. हा मुद्दा किरकोळ वाटतो, पण प्रवासापूर्वी सर्वांत आधी तपासायची ओळ तीच आहे.

हवाई सुरक्षेची बाजू नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोकडे आहे. या ब्युरोची स्थापना १९७८ मध्ये, १९७६ च्या विमान अपहरणानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून झाली. त्याआधी ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे विमान लाहोरला पळवून नेण्यात आले होते. अपहरणकर्त्यांजवळ प्रत्यक्षात नकली पिस्तूल आणि नकली हातबॉम्ब होता. खेळण्यातली पिस्तुले व शस्त्रांच्या प्रतिकृती हातसामानात का चालत नाहीत, असा प्रश्न आजही अनेक पालक तपासणीच्या रांगेत विचारतात. त्याचे उत्तर या घटनेत सापडते.

केबिनबंदीला काही मर्यादित अपवाद आहेत. विशिष्ट सुरक्षा पथकांतील कर्मचारी आणि विमानात तैनात असणारे सुरक्षा अधिकारी हे त्यांपैकी होत. देशांतर्गत उड्डाणांत शीख प्रवाशांना पात्याची लांबी १५.२४ सेंटिमीटर व एकूण लांबी २२.८६ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसलेले कृपाण बाळगता येते.

चेक-इनची पद्धत

शस्त्र नेणाऱ्या प्रवाशाने विमान कंपनीला आगाऊ कळवणे आणि नेहमीपेक्षा लवकर विमानतळावर पोहोचणे अपेक्षित असते. काउंटरवर त्याने शस्त्र असल्याचे स्वतःहून सांगून मूळ परवाना व ओळखपत्र दाखवायचे असते. परवान्यावरील शस्त्राचा क्रमांक आणि प्रत्यक्ष शस्त्रावर कोरलेला क्रमांक ताडून पाहिला जातो. नेमबाज असल्यास स्पर्धेचे निमंत्रण आणि क्रीडा संघटनेचे पत्र सोबत ठेवण्याचा प्रघात आहे.

शस्त्र रिकामे असणे ही अट सर्वत्र सारखी आहे. शस्त्र रिकामे असल्याची खात्री सुरक्षा कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली केली जाते. रायफलीचा बोल्ट काढून वेगळा ठेवला, तर नळी आरपार दिसते आणि तपासणी लवकर उरकते. अनुभवी खेळाडू त्यामुळे पेटीत बोल्टसाठी वेगळा कप्पा करून घेतात. त्यानंतर टणक पेटी कुलूपबंद होऊन मालकक्षात, प्रवाशांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवली जाते.

वजनाचा हिशेब हा यातला रोजचा आणि दुर्लक्षित प्रश्न आहे. नियमांनुसार ५० मीटर रायफलीचे कमाल वजन ८ किलोग्रॅम आणि १० मीटर एअर रायफलीचे ५.५ किलोग्रॅम असते. टणक पेटी, जाड कॅनव्हासचे जॅकेट, विजार, बूट आणि गुडघ्याखाली घ्यायची गुंडाळी यांची भर पडली की देशांतर्गत स्वस्त तिकिटावरील १५ किलोग्रॅमची मर्यादा सहज ओलांडली जाते. काही खेळाडू जॅकेट व बूट हातसामानात घेतात. त्यामागे वजनाइतकेच दुसरेही कारण असते: रायफल उशिरा पोहोचली तर उसनी मिळू शकते, अंगाच्या मापाचे जॅकेट मिळत नाही.

काडतुसे

काडतुसांना शस्त्रापेक्षा वेगळे नियम लागू होतात, कारण ती स्फोटक पदार्थांत मोडतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तांत्रिक सूचनांनुसार १.४एस या गटातील काडतुसेच प्रवाशाला चेक-इन सामानात नेता येतात. त्यांचे वजन वेष्टनासह प्रतिप्रवासी ५ किलोग्रॅमपर्यंत असावे लागते आणि दोन प्रवाशांचा वाटा एका पेटीत एकत्र करता येत नाही. स्फोटक किंवा आग लावणाऱ्या गोळ्या असलेली काडतुसे पूर्णपणे वर्ज्य आहेत. विमान कंपन्या यापेक्षा कडक मर्यादा ठेवू शकतात. भारतात प्रतिप्रवासी एक शस्त्र व ५० काडतुसे अशी अट आढळते.

ही मर्यादा कोणाला कितपत जाचते हे खेळाच्या प्रकारावर अवलंबून आहे. पॉइंट टू-टू रायफलीचे एक काडतूस साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे ५ किलोग्रॅममध्ये हजाराहून अधिक काडतुसे बसतात. बारा बोअरच्या ट्रॅप काडतुसाचे वजन मात्र सुमारे ३५ ग्रॅम असल्याने तेवढ्याच वजनात दीडशेही मावत नाहीत. ट्रॅपच्या पात्रता फेरीत १२५ लक्ष्ये असतात आणि प्रत्येक लक्ष्यावर दुसरी गोळी झाडण्याची मुभा असते. सरावासह स्पर्धेची सर्व काडतुसे सोबत नेणे त्यामुळे शॉटगन नेमबाजाला शक्य होत नाही. ५० काडतुसांची अट लागू झाली, तर ६० गोळ्यांच्या पात्रता फेरीसाठी रायफल नेमबाजालाही पुरत नाहीत. अशा वेळी काडतुसे संघटनेमार्फत किंवा स्पर्धेच्या ठिकाणीच घेण्याची व्यवस्था करावी लागते.

दहा मीटर प्रकारातील ४.५ मिलिमीटर एअर रायफल व एअर पिस्तुलाच्या शिशाच्या छर्‍यांत दारू नसते, त्यामुळे ते स्फोटकांत येत नाहीत. या शस्त्रांना दाब देणारा हवेचा सिलिंडर मात्र सुमारे २०० बार दाबाने भरलेला असतो आणि तो रिकामा करून न्यावा लागतो. एअर रायफल हीदेखील चेक-इन सामानातूनच न्यायची असते.

सामानाचा माग

चेक-इन सामानाच्या टॅगवर दहा अंकी क्रमांक असतो. त्यातील दुसऱ्या ते चौथ्या स्थानावरील अंक विमान कंपनीचा संकेत दर्शवतात. एअर इंडियाचा संकेत ०९८, तर इंडिगोचा ३१२ आहे. टॅगवर गंतव्य विमानतळाची तीन अक्षरेही छापलेली असतात. नाशिकसाठी ती ‘आयएसके’ अशी आहेत. शहराच्या नावावरून ती चटकन ओळखू येत नसल्याने परतीच्या प्रवासात काउंटरवरच ती वाचून घेणे उपयोगाचे ठरते.

सामान आणि प्रवासी यांची जोडी जुळलेली असावी, या तत्त्वामागे एक भीषण घटना आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ हे विमान आयर्लंडजवळ समुद्रावर स्फोट होऊन कोसळले आणि त्यातील सर्व ३२९ जण मृत्युमुखी पडले. स्फोटके असलेली बॅग ज्या प्रवाशाच्या नावाने व्हँकुव्हरला चेक-इन झाली होती, तो विमानात चढलाच नव्हता. त्यानंतर प्रवासी आला नाही तर त्याचे सामान उतरवून घेण्याची पद्धत जगभर दृढ झाली. तिचा दुसरा परिणाम असा की सामानाची मोजदाद अधिक काटेकोर झाली.

पुढचा मोठा टप्पा जून २०१८ चा. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटना अर्थात आयाटा हिच्या ७५३ क्रमांकाच्या ठरावानुसार सदस्य कंपन्यांनी सामानाची नोंद चार ठिकाणी ठेवणे अपेक्षित झाले: प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, दुसऱ्या विमानाकडे वळवताना आणि प्रवाशाला परत देताना. पेटी चुकली, तर शेवटची नोंद कोणत्या टप्प्यावर झाली यावरून शोधाची दिशा ठरते.

अलीकडे प्रवासी स्वतःची ब्लूटूथ मागोवा उपकरणे पेटीत ठेवतात. ॲपलचे ‘एअरटॅग’ २०२१ मध्ये बाजारात आले. ऑक्टोबर २०२२ मध्ये लुफ्तान्सा कंपनीच्या खुलाशांतून ही उपकरणे चेक-इन सामानात चालत नाहीत असा समज पसरला होता. काही दिवसांतच कंपनीने ती चालतात असे स्पष्ट केले. अशा उपकरणातील लिथियम धातूचे प्रमाण ०.३ ग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे आणि नाण्याच्या आकाराची बॅटरी या मर्यादेत बसते. हे उपकरण उपग्रहाशी बोलत नाही; जवळून जाणाऱ्या फोनच्या आधारे ते आपली जागा कळवते. वर्दळीच्या दिल्ली विमानतळावर जागा सतत कळत राहते, तर फोन जवळपास नसतील अशा गोदामात तासन्‌तास काहीच कळत नाही. शिवाय पेटी कोठे आहे हे कळते, ती कोणाच्या ताब्यात आहे हे कळत नाही. शस्त्राच्या बाबतीत दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो.

पेटी न मिळाल्यास

सामानाच्या पट्ट्यावर पेटी आली नाही, तर विमानतळ सोडण्यापूर्वी विमान कंपनीकडे लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घेणे ही सर्वसाधारण रीत आहे. शस्त्राच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. शस्त्र हरवल्यास किंवा चोरीस गेल्यास परवानाधारकाने त्याची खबर तत्काळ जवळच्या पोलीस ठाण्यात देणे परवान्याच्या अटींनुसार बंधनकारक आहे. पेटी बहुधा उद्याच्या विमानाने येईल, असे सांगितले जाते तेव्हा अनेकांचा कल थांबण्याकडे असतो. मात्र ते शस्त्र दरम्यान गैरहाती पडले, तर विलंबाचा जाब परवानाधारकालाच द्यावा लागतो. शस्त्राचा क्रमांक, परवान्याची प्रत, टॅगचा भाग आणि काउंटरवर घेतलेले पेटीचे छायाचित्र पेटीत न ठेवता स्वतःजवळ ठेवण्याचे महत्त्व येथे समजते.

भरपाईची मर्यादा शस्त्राच्या किमतीच्या मानाने तोकडी आहे. भारत २००९ पासून माँट्रियल कराराचा सदस्य आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात या करारानुसार सामानाबद्दलची जबाबदारी प्रतिप्रवासी १,५१९ विशेष आहरण हक्कांपर्यंत (२८ डिसेंबर २०२४ पासून) मर्यादित आहे. नुकसानीची लेखी तक्रार ७ दिवसांत आणि विलंबाची २१ दिवसांत करावी लागते. सामान सुपूर्द करताना जादा मूल्य जाहीर करून शुल्क भरल्यास ही मर्यादा वाढवता येते. देशांतर्गत प्रवासात कंपन्यांच्या अटींत २०,००० रुपयांची मर्यादा आढळते. आयात केलेल्या स्पर्धात्मक रायफलीची किंमत काही लाखांत जाते, म्हणून स्वतंत्र विमा काढला जातो. खेळाडूच्या खांद्याला, गालाला आणि बोटाला जुळवत नेलेल्या दस्त्याची भरपाई मात्र कोणत्याही तक्त्यात बसत नाही.

विसरलेले काडतूस

विमानतळांवरील बऱ्याच शस्त्रविषयक गुन्ह्यांत शस्त्र नसतेच. हातसामानाच्या कप्प्यात राहून गेलेले एखादे काडतूस असते. नेमबाजाची, माजी सैनिकाची किंवा घरातील परवानाधारकाची पिशवी दुसऱ्याने प्रवासासाठी उचलली की हे घडते. क्ष-किरण यंत्रात काडतूस सहज दिसते आणि प्रवाशाला पोलिसांच्या ताब्यात दिले जाते. शस्त्र अधिनियमाखाली ‘ताबा’ म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, असे सर्वोच्च न्यायालयाने गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९७२) या खटल्यात स्पष्ट केले आहे. त्या आधारे अशी अनेक प्रकरणे उच्च न्यायालयांनी रद्द केली आहेत. तथापि तोवर विमान सुटलेले असते, स्पर्धा हुकलेली असते आणि वकिलाकडे फेऱ्या सुरू झालेल्या असतात.

इतर देशांतील पद्धती

अमेरिकेत शस्त्र कुलूपबंद टणक पेटीत, रिकामे आणि घोषित करून नेता येते. किल्ली प्रवाशाकडेच राहते. पेटीत शस्त्र असल्याचे दर्शवणारी खूण बाहेरून लावण्याची सक्ती करण्यास तेथील विमान कंपन्यांना कायद्याने मनाई आहे, कारण अशी खूण चोरालाच वाट दाखवते. तरीही २०२३ मध्ये तेथील विमानतळांच्या तपासणी नाक्यांवर हातसामानात ६,७३७ अग्निशस्त्रे सापडली. महागडे कॅमेरे नेणारे काही अमेरिकी छायाचित्रकार पेटीत मुद्दाम शर्यतीचे स्टार्टर पिस्तूल ठेवतात. त्यामुळे ती पेटी शस्त्राची ठरते, तिला भक्कम कुलूप लावता येते आणि तिच्यावर अधिक लक्ष राहते. शस्त्रपरवान्याची कडक व्यवस्था असलेल्या भारतात ही युक्ती लागू पडत नाही.

परदेशी स्पर्धांसाठी जाणाऱ्या भारतीय खेळाडूंना यजमान देशाची पूर्वपरवानगी लागते. विमान तिसऱ्या देशात बदलायचे असल्यास तेथील नियमही पाहावे लागतात, मग खेळाडू तेथे विमानतळाबाहेर पाऊल ठेवणार नसला तरीही. मायदेशी परतताना सीमाशुल्क अधिकारी जाताना नोंदवलेला शस्त्राचा क्रमांक पुन्हा ताडून पाहतात.