‘गाठींत पसरलाय’ म्हणजे नेमकं काय? जठराच्या कॅन्सरचा रिपोर्ट समजून घेताना

शाळा सुटल्यावर काही पालक इंग्रजी कागद वाचून घ्यायला आमच्याकडे येतात. त्यात कधी जठराच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतरचा रिपोर्टही असतो. त्यावर ‘३/१८’ असं काही लिहिलेलं असतं आणि पहिला प्रश्न येतो, "सर, गाठींत पसरलाय म्हणतात. अब्बूंना आता किती दिवस?"

आम्ही डॉक्टर नाही. पण या आकड्याचा अर्थ कळला तर डॉक्टरांना नीट प्रश्न तरी विचारता येतात.

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं. ती सुजलेली लसिकाग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड. अशा गाठी जठराभोवतीही असतात. जठरातून निसटलेल्या कॅन्सरच्या पेशी बहुतेक वेळा आधी इथेच अडकतात. म्हणून सर्जन जठरासोबत या गाठीही काढतात आणि त्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या जातात.

‘३/१८’ म्हणजे १८ गाठी तपासल्या, त्यातल्या ३ मध्ये कॅन्सर सापडला. वरच्या आकड्यावरून पायरी ठरते. एकही नसेल तर एन-०, १ ते २ असतील तर एन-१, ३ ते ६ एन-२ आणि ७ किंवा त्याहून जास्त असतील तर एन-३. पायरी जितकी वरची, तितका आजार परत येण्याचा धोका जास्त.

पण खालचा आकडाही बघा. किमान १६ गाठी तपासल्या जाव्यात, असं मानलं जातं. ‘०/६’ आणि ‘०/२०’ या दोन्हींत शून्यच आहे, पण दुसऱ्या शून्यावर जास्त भरवसा ठेवता येतो. कमी गाठी तपासल्या तर आजार आहे त्यापेक्षा लहान दिसू शकतो.

हे अंदाज येतात ते हजारो पेशंटची वर्षानुवर्षं नोंद ठेवून. आपल्याच जिल्ह्यात, बार्शीला, १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. मात्र असा अंदाज गटाचा असतो, एका माणसाचा नाही. समजा, शाळेचा निकाल ८० टक्के लागला, तर त्यावरून तुमच्या मुलाला किती मार्क पडतील ते सांगता येतं का? तसंच हे. शिवाय कॅन्सर जठराच्या भिंतीत किती खोल गेलाय, लांबच्या अवयवांत आहे का, ऑपरेशनमध्ये पूर्ण निघाला का, पेशंटची ताकद किती, हे सगळं मोजावं लागतं.

जवळच्या गाठींत कॅन्सर सापडला म्हणजे सगळं संपलं असं नाही. अशा पेशंटनाही बरं करण्याच्या हेतूनेच उपचार होतात आणि बहुतेकांना ऑपरेशनच्या आधी किंवा नंतर केमो सुचवली जाते. "ऑपरेशन झालं, आता बस" म्हणून ती सोडू नका.

डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: किती गाठी तपासल्या? किती निघाल्या? पुढचा उपचार कोणता आणि कधी? रिपोर्ट जपून ठेवा, अब्बूंपासून लपवू नका. हयात अल्लाहच्या हाती आहे, पण तपासणीची तारीख पाळणं आपल्या हाती आहे.