वर्गातली भाषा कोणाला मोजते?

नावाने काय फरक पडतो, असा प्रश्न आपल्या समाजाला अनेक वर्षे विचारला गेला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि प्रत्यक्ष नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधली सोळा वर्षे लाठ्या, जाळपोळ, मोर्चे आणि शहादत यांची आहेत. ‘हरिजन’ हा शब्द आपण नाकारला. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, त्यामागेही हाच आग्रह होता. शब्द माणसाला वर चढवतो किंवा पायाखाली घालतो, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

मग याच विद्यापीठाच्या वर्गात एखादी विद्यार्थिनी उठून ‘सर, या वाक्यात आम्ही कुठे आहोत?’ असे विचारते तेव्हा आपलीच पोरे का हसतात? केज परिसरात तरुणांसोबत काम करताना हा प्रश्न आमच्यासमोर वारंवार येतो. म्हणून तो नीट समजून घेऊ.

भेदभाव कुठे लपतो?

समाजशास्त्राचा पहिला धडा बहुधा ‘मनुष्य हा समाजशील प्राणी आहे’ या वाक्याने सुरू होतो. पुढच्या वाक्यात हा मनुष्य ‘तो’ होतो. मग ‘त्याची पत्नी’ येते, ‘त्याची मुले’ येतात. दोन वाक्यांत मनुष्य म्हणजे पुरुष ठरतो आणि बाई त्याच्या नात्याने ओळखली जाते.

कुटुंबसंस्था शिकवताना ‘कर्ता पुरुष’ हा शब्द अजून सर्रास येतो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार मात्र रेशनकार्डासाठी घरातली अठरा वर्षांवरील सर्वांत मोठी स्त्री ही कुटुंबप्रमुख आहे. म्हणजे रेशन दुकानात जे मान्य झाले, ते वर्गात अजून पोहोचलेले नाही.

नोटीस बोर्डावर बघा. ‘प्रा. सौ.’ असे लिहिलेले दिसेल. त्या बाई विवाहित आहेत आणि त्यांचा नवरा हयात आहे, एवढी माहिती एका अक्षरात दिली जाते. पुरुष प्राध्यापकाचे लग्न झाले की नाही, हे त्याच्या नावावरून कधीच कळत नाही. एप्रिल २०२३ मध्ये तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द वापरता येईल का, याची चर्चा सुरू केली आणि त्यावर राज्यभर टीका झाली. शब्द मोठा करून उपयोग नव्हता. बाईची ओळख नवऱ्याच्या असण्या-नसण्यावर ठरवायची का, हा खरा प्रश्न होता. सक्तीचे वैधव्य, सती आणि बालविवाह यांच्या आधाराने जात कशी टिकवली गेली, हे बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात मांडले होते. म्हणून हा विषय आपल्या चळवळीबाहेरचा नाही.

‘कोयता’ म्हणजे किती माणसे?

आपल्या बीड जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल बहुधा नवरा घेतो. ऊस तोडायला, मोळ्या बांधायला, त्या डोक्यावरून वाहायला बाई असते. पण हिशेबात ती वेगळी दिसत नाही. ‘ऊसतोड कामगार आणि त्यांच्या बायका’ असे शिकवले की कामगार म्हणजे पुरुष आणि बाई म्हणजे त्याच्यासोबत आलेली, असा अर्थ विद्यार्थ्यांच्या डोक्यात बसतो.

याची किंमत काय, हे २०१९ मध्ये दिसले. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या वेळी जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांचे सर्वेक्षण झाले. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये शस्त्रक्रिया करून काढलेली होती. ‘पिशवी काढली’ हे बोलणे गावोगावी ऐकू येत होते. पण बाईला कामगार म्हणून वेगळे मोजले, तेव्हा त्याचा आकडा झाला. ज्याला शब्द नाही त्याचा रकाना नसतो, आणि ज्याचा रकाना नाही त्याची योजना होत नाही. उद्याचे शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, पत्रकार याच वर्गांतून घडणार आहेत, म्हणून वर्गातला शब्द महत्त्वाचा आहे.

मराठीत हे जमते का?

‘भाषा जड होते’ अशी तक्रार असते. इंग्रजीची नक्कल केली तर ती खरीही आहे. प्रत्येक ठिकाणी तिरप्या रेघा मारून ‘तो/ती’, ‘करतो/करते’ लिहिले तर वाचणारा कंटाळेल. पण मराठीकडे स्वतःचे मार्ग आहेत.

‘आम्ही गेलो’ आणि ‘तुम्ही आलात’ यांत बोलणारा किंवा ऐकणारा पुरुष की स्त्री हे ठरत नाही. भविष्यकाळात ‘जाईल’, ‘लिहील’ ही रूपे दोघांना सारखीच. प्रश्नपत्रिकेत ‘विद्यार्थ्याने आपले मत लिहावे’ याऐवजी ‘तुमचे मत लिहा’ म्हटले की वाक्य छोटेही होते. ‘माणसं आली’, ‘लेकरं शिकली’ हे नपुंसकलिंगी अनेकवचन आपल्या आजीच्या बोलण्यातले आहे आणि त्यात सगळे मावतात. ‘कामगार जोडपे’, ‘शेतकरी स्त्री-पुरुष’ असे म्हणायला काहीच अडत नाही.

विद्यापीठाच्या कायद्यातही दोन्ही नमुने आहेत. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात राज्यपाल ‘कुलपती’ असतात आणि विद्यापीठाचा प्रत्यक्ष कारभार ‘कुलगुरू’ बघतात. ‘कुलगुरू’ म्हणताना स्त्री की पुरुष हा प्रश्न पडत नाही. ‘पती’ शब्दात मात्र मालकी आहे.

तृतीयपंथी विद्यार्थ्यांचाही विचार हवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नालसा निकालात त्यांच्या ओळखीला मान्यता दिली. अर्जावर तिसरा रकाना असेल, पण वर्गात ‘मुले इकडे, मुली तिकडे’ एवढेच ऐकू आले तर त्या विद्यार्थ्याने बसायचे कुठे?

आपल्या परंपरेत

तथागतांच्या परिषदेचे चार घटक आपण रोज म्हणतो: भिक्खू, भिक्खुनी, उपासक, उपासिका. चौघांना स्वतंत्र नाव आहे. महाप्रजापती गौतमींनी आग्रह धरला तेव्हा भिक्खुनी संघ उभा राहिला, आणि त्या थेरींची वचने थेरीगाथेत त्यांच्या नावांसह जपली गेली. स्त्रीला नावाने ओळखणे आपल्याला परके नाही. विहाराच्या कार्यक्रमपत्रिकेवर मात्र वक्ते म्हणून पुरुषांची पूर्ण नावे आणि खाली ‘महिला मंडळ’ एवढेच, हे चित्र बदलले पाहिजे.

करायचे काय?

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायाधीशांसाठी एक पुस्तिका काढली. स्त्रियांबद्दलचे साचेबद्ध शब्द कोणते आणि त्याऐवजी काय लिहावे, याची यादी त्यात आहे. तशीच यादी आपल्या महाविद्यालयासाठी विद्यार्थ्यांना करता येईल. यंदाच्या नोट्स, गाईड आणि जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन बसा. कुठे कुठे बाई गायब आहे, ते खुणेने दाखवा. पर्यायी वाक्य शेजारी लिहा. ते विभागप्रमुखांना द्या आणि विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाला निवेदन पाठवा. शिक्षकांशी भांडण्याची गरज नाही. बऱ्याच जणांना कोणी दाखवून दिलेले नसते.

आणि वर्गात एखादी मुलगी प्रश्न विचारत असेल तर हसणाऱ्यांत बसू नका. तिचा प्रश्न पुढे न्या. नामांतराच्या लढ्यात उतरलेल्या समाजाकडून एवढी अपेक्षा रास्तच आहे.